मुलं रुळतात म्हणजे नेमकं काय होतं?

घर बदलायचं ठरलं की मोठ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: ‘पोरांचं काय, पोरं आठ दिवसांत रुळतात.’ टेम्पोवाल्याशी भाव ठरवताना, गॅसचा पत्ता बदलून घेताना, जुन्या सोसायटीचा हिशेब चुकता करताना या वाक्याचा मोठा आधार वाटतो. करायच्या कामांतलं एक काम त्याने परस्पर कमी होतं. माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं, आणि ज्या घरात ते जितक्या सहज बोललं जातं त्या घरातल्या मुलाला नवं घर तितकंच जड जातं.

मूल रुळलं, हे आपण कशावरून ठरवतो? शाळेत जातं, जेवतं, रडत नाही, ‘परत जाऊ या’ असं म्हणायचं थांबलेलं असतं. एवढ्यावरून फार तर इतकंच कळतं की मुलाने हट्ट सोडला. मुलांच्या हातात दुसरं काही नसतंच. घर कुठे घ्यायचं, बदली स्वीकारायची की नाही, कर्ज किती काढायचं, यातलं काहीही त्यांना विचारलेलं नसतं. ज्याला निर्णयात वाटा नाही तो काही दिवसांनी गप्प बसतो. हे गप्प बसणं आपण समाधान म्हणून मोजतो, आणि मग सहा महिन्यांनी शाळेतून तक्रार आली की ‘अचानक काय झालं याला?’ असं विचारतो.

जुन्या जागी मुलाचं काय काय होतं, ते एकदा नीट मोजायला हवं. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या गल्लीत पुष्कळ कळत असतं. कोणता वाणी बाबांच्या खात्यावर बिस्किटं देतो, कोणत्या काकूंचं दार दुपारीही वाजवलं तर चालतं, कोणता कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणता खरंच चावतो, चेंडू कुणाच्या गच्चीत गेला तर विसरून जायचा. खेळात तिची एक ठरलेली जागा असते. वर्षभरापूर्वी ती कच्चं लिंबू होती, आता तिला राज्य घ्यावं लागतं, आणि ही बढती तिने स्वतः कमावलेली असते. रस्त्याने जाताना चार माणसं तिला नावाने हाक मारतात. आई-बाबा घरी नसले तर कुठे जाऊन बसायचं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

मोठ्या माणसाची पत त्याच्याबरोबर प्रवास करते. पदवी, पगार, बँकेतलं खातं, मोबाइलमधले चारशे नंबर, गाडी, नवरा किंवा बायको, हे सगळं टेम्पोच्या आधीच नव्या गावी पोचलेलं असतं. ऑफिसात पहिल्या दिवशीही त्याला हुद्द्याने ओळखतात. मुलाची पत मात्र त्या गल्लीपुरती, त्या वर्गापुरती, त्या मैदानापुरती असते, आणि ती जागच्या जागी राहून जाते. नव्या मैदानावर त्याला कच्चं लिंबू म्हणूनही कुणी घेत नाही. एकाच घरातल्या एकाच स्थलांतरात बापाचं फारसं काही बुडालेलं नसतं आणि मुलाचं जवळजवळ सगळं बुडालेलं असतं. या दोन हिशेबांतला फरक मोठ्यांना दिसत नाही. मुलांना मदत करण्याच्या वाटेतली पहिली अडचण ही आहे.

मुंबईतल्या बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या या शंभरेक वर्षांच्या चाळींत 160 चौरस फुटांच्या खोल्या. पुनर्विकासात तिथल्या कुटुंबांना 500 चौरस फुटांची घरं मिळतात, उंच टॉवरमध्ये, स्वतःच्या संडास-बाथरूमसह. वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना 2025 मध्ये चाव्याही मिळाल्या. चाळीतल्या सामायिक संडासाची रांग ज्या मुलीने मोठी होताना सोसली आहे तिला विचारा, ती या नव्या घराची किंमत बरोबर सांगेल. चाळीच्या आठवणींवर गहिवरणारे बरेच लोक चाळ सोडून गेलेले असतात. तेव्हा हे घर बदलणं चांगलंच आहे, यात मला शंका नाही.

पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने चौरस फूट मोजले तर आकडे वेगळे येतात. चाळीत त्याची जागा 160 चौरस फुटांची कधीच नव्हती. लांबलचक व्हरांडा त्याचा होता, जिना त्याचा होता, समोरच्या चार खोल्यांचे उंबरठे त्याचे होते, खालचं पटांगण त्याचं होतं. टॉवरमध्ये त्याला लिफ्टचं वरचं बटण हाताला लागत नाही, लागलं तरी एकट्याने जायची परवानगी नाही, आणि शेजारचं दार बंद. आई-बाबांचं घर तिप्पट झालं, त्याचं आक्रसलं. हे ओळखणारे आई-बाप घर नाकारत नाहीत. ते एवढंच करतात की पहिल्याच आठवड्यात मजल्यावरची सगळी दारं मुलाला घेऊन वाजवतात, आणि संध्याकाळी एक तास खाली उतरतात. हा तास स्वयंपाकघर लावण्यापेक्षा महत्त्वाचा आहे असं मी मानतो. डबे आठवडाभर खोक्यात राहिले तर काहीही बिघडत नाही.

अख्खं गाव उठतं तेव्हाही हाच प्रश्न वेगळ्या मापाने उभा राहतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली अनेक गावं नव्या जागी वसवली गेली. जुनी गावं दाटीची, भिंतीला भिंत लागलेली, अरुंद गल्ल्यांची. नवी गावं आखून दिलेल्या चौकटींची, रुंद रस्त्यांची. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण हाक मारली की ऐकू येईल एवढ्या अंतरावर माणूस असणं ही लहान मुलाची गरज आराखडा काढणाऱ्याच्या कागदावर येत नाही. तरी त्या मुलांच्या बाजूने एक मोठी गोष्ट होती: त्यांच्याबरोबर त्यांचं गाव आलं होतं. वर्गातली उरलेली मुलं तीच, मारुतीच्या पारावरचे आजोबा तेच. एकट्या कुटुंबाने पुण्याच्या उपनगरात फ्लॅट घेतला की त्या मुलाला एवढंही मिळत नाही.

मुलाला भिंतींपेक्षा माणसं जास्त लागतात, याचा एक मोठा दाखला दुसऱ्या महायुद्धातला आहे. सप्टेंबर 1939 च्या पहिल्या तीन दिवसांत ब्रिटनने बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतून सुमारे 15 लाख लोक खेड्यांत हलवले. त्यात बहुसंख्य शाळकरी मुलं होती, आणि बहुतेक आई-बापांवाचून गेली. अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी मनोविश्लेषक तेव्हा लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धकाळातली बालगृहं चालवत होत्या. त्यांच्या नोंदींतून निघालेला निष्कर्ष त्या काळात धक्कादायक होता: बॉम्ब पडताना आईजवळ असलेल्या लहान मुलापेक्षा सुरक्षित गावी आईपासून तुटलेलं मूल जास्त खचत होतं. आपल्याकडे घर बदलताना महिनाभर मुलांना आजोळी ठेवायची पद्धत आहे. सामान लागेपर्यंत त्यांची आबाळ नको, हा त्यामागचा हेतू. हेतू प्रेमाचा आहे, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्यातून कळतं ते असं, की मी नसताना माझं घर नाहीसं झालं. खोक्यांच्या पसाऱ्यात आई-बाबांच्या पायांत पायांत राहिलेलं मूल जास्त थकतं, पण कमी घाबरतं.

आणि वयाचं काय? आपल्या घरांमध्ये या बाबतीत एकच हिशेब चालतो: ‘दहावी होऊ दे, मग बघू.’ दहावी आणि बारावी ही दोन वर्षं सांभाळली की बाकी कधीही हललं तरी चालतं, अशी ठाम समजूत आहे. सहावी, सातवी, आठवी ही ‘बिनमहत्त्वाची’ वर्षं, म्हणून घर बदलायला तीच सोयीची. मला वाटतं इथे आपण जवळजवळ उलटं करत आहोत. डेन्मार्कमध्ये 1971 ते 1997 दरम्यान जन्मलेल्या 14 लाखांहून अधिक लोकांच्या सरकारी नोंदी तपासणारा एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणात घर बदललेल्यांच्या पुढच्या आयुष्यात मानसिक आजार, व्यसनं, आत्महत्येचे प्रयत्न, हिंसक गुन्हे यांचं प्रमाण जास्त आढळलं, आणि सर्वांत जास्त धोका दिसला तो बारा ते चौदा या वयात झालेल्या स्थलांतरांशी जोडलेला. हे गरीब घरांपुरतंच होतं असंही नाही. सुस्थितीतल्या घरांतही तो संबंध दिसला. अर्थात घर बदलल्यामुळेच हे घडलं, असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. घटस्फोट, कर्ज, आजारपण यांमुळेही घरं बदलतात. पण बारा-चौदाचं वय का नाजूक, हे समजायला डेन्मार्कला जावं लागत नाही. त्या वयात मूल घराबाहेरच्या आपल्या माणसांवर पहिल्यांदा भार टाकू लागतं. भार टाकायला सुरुवात होते आणि त्याच वेळी ती माणसं काढून घेतली जातात.

त्याच 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगाचे निष्कर्षही आले, आणि ते दुसरी बाजू दाखवतात. 1994 ते 1998 या काळात पाच मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून, कमी गरिबीच्या भागात राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली होती. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांची पुढची कमाई तपासली. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची विशीतली कमाई मदत न मिळालेल्या कुटुंबांतल्या मुलांपेक्षा 31 टक्क्यांनी जास्त निघाली. तेराच्या पुढे हललेल्यांना तो फायदा झाला नाही, उलट किंचित तोटाच दिसला. म्हणजे चांगल्या जागी जाणं मुलाचं भलं करू शकतं, फार मोठं करू शकतं. पण लवकर गेलं तर. ज्या आई-बापांना निवड आहे त्यांनी दहावीच्या तारखेबरोबर हाही हिशेब मांडावा. चौथीनंतर जायचं की सातवीनंतर, असा प्रश्न असेल तर चौथीनंतर जावं. सातवी-आठवीत जाणं अटळच असेल तर निदान ‘हे वर्ष बिनमहत्त्वाचं आहे’ असं मुलाला सांगू नये. त्याच्यासाठी ते तसं नसतं.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ हा चित्रपट याच वयाच्या मुलाचा आहे. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील वारलेले, आई सरकारी नोकरीत, आणि तिची बदली पुण्याहून कोकणातल्या लहानशा गावी. 2014 मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला मुलांच्या परीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. मला त्यातली सर्वांत खरी गोष्ट वाटते ती आईची. ती वाईट आई नाही. ती स्वतःच नवऱ्याच्या जाण्याने, नव्या ऑफिसातल्या ताणाने वाकलेली आहे. मुलगा तिच्यावर चिडतो तेव्हा तिच्याकडे द्यायला फारसं काही उरलेलं नसतं.

घर बदलणाऱ्या बहुतेक कुटुंबांत ही स्थिती थोड्याफार फरकाने असतेच. ज्या दिवसांत मुलाला मोठ्यांची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच दिवसांत मोठे सर्वांत थकलेले, चिडलेले, आतून घाबरलेले असतात. मग ते नकळत मुलाकडूनच धीर मागतात. ‘आवडलं ना घर? आवडलं ना तुला?’ हा प्रश्न मुलासाठी नसतो, आपला निर्णय चुकला नाही हे ऐकण्यासाठी असतो. समजूतदार मूल ते ओळखतं आणि ‘हो’ म्हणतं. त्या दिवसापासून त्याला नव्या घराविषयी वाईट वाटण्याची सोय उरत नाही. दुसरा रस्ता सोपा आहे, पण तो घेताना मोठ्यांना थोडं सोसावं लागतं: ‘मलाही जुन्या घराची आठवण येते’ असं आईने मोकळेपणाने म्हणायचं. त्याने मूल कोसळत नाही. आपल्याला जे होतंय त्यात काही चूक नाही, एवढं त्याला कळतं.

‘किल्ला’तली दुसरी गोष्ट म्हणजे चिन्मयची मैत्री. गावातली पोरं त्याला आधी चिडवतात, किल्ल्यावर एकटा सोडून जातात, त्यावरून अबोला होतो, आणि मग हळूहळू त्यातूनच दोस्ती जमते. ती कुणी मोठ्याने जमवून दिलेली नसते. आजचे सुशिक्षित आई-बाप इथे घाई करतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आमच्या मुलासाठी मित्र हवेत’ अशी जाहिरात देतात, पहिल्याच रविवारी केक कापून सगळ्या मुलांना बोलावतात. मुलं केक खातात आणि जातात. मैत्रीला एकत्र करायचं काहीतरी लागतं. मुलाला जे जुन्या गावी येत होतं तेच नव्या गावी आधी शोधावं. तबल्याचा क्लास, खो-खोचं मैदान, तालीम, गणपतीच्या मांडवात आरास करणारी पोरं, काहीही. जिथे त्याच्या हाताला काम असतं तिथे त्याची ओळख व्हायला परिचय करून द्यावा लागत नाही. एकच मित्र पुरतो. एक मित्र मिळेपर्यंत धीर धरावा लागतो.

सांगायचं केव्हा आणि कसं, याबद्दल मला ठाम मत मांडायचं आहे. लवकर सांगावं आणि खरं सांगावं. ‘सुट्टीपुरतं जातोय’, ‘नुसतं बघून येऊ’ अशा थापा मारून मुलांना गाडीत बसवणारी घरं मी पाहिली आहेत. रडारड टळते हे खरं, पण मुलाचा आपल्या शब्दावरचा विश्वास त्या बदल्यात जातो, आणि तो जुन्या घरापेक्षा महाग असतो. तसंच नव्या घराची जाहिरातही करू नये. ‘तिथे पोहायचा तलाव आहे, तुला वेगळी खोली आहे’ हे खरं असलं तरी जिथे जिवलग मैत्रीण नाही तिथे तलावाचं काय करायचं, हा मुलीचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर नसतं. नसलं तर नसू द्यावं.

निर्णय मुलाचा नसला तरी त्यातला काही भाग त्याचा करता येतो, आणि हा भाग दिखाऊ नसावा. भिंतीचा रंग विचारून वर ‘तो नको, लवकर मळेल’ म्हणायचं असेल तर विचारूच नये. स्वतःचं सामान त्याने स्वतः भरावं. तुटकी गाडी, फाटकी गोधडी, दगड, बाटल्यांची झाकणं, जे काही असेल ते. ‘हा कचरा कशाला न्यायचा’ म्हणून मुलं झोपल्यावर या वस्तू गुपचूप टाकून देणारे आई-बाप पुष्कळ असतात. जुन्या जागेतून मूल बरोबर आणू शकेल अशी तेवढीच चीज असते. नव्या घरात आवराआवर करायला वर्ष पडलेलं असतं.

निरोपही नीट व्हावा. आपण मोठे लोक शेजाऱ्यांकडे जेवायला जातो, ऑफिसात नारळ आणि शाल घेतो. मुलाचा निरोप समारंभ कुणी करत नाही. त्याने वर्गशिक्षिकेला, रिक्षावाल्या काकांना, वाण्याला, खेळातल्या मित्रांना स्वतः जाऊन ‘मी उद्यापासून नाही’ असं सांगावं, यासाठी एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. आणि गेल्यावर जुन्या मित्रांशी बोलणं तोडू नये. ‘सारखं तिकडे फोन करतो, मग इथे कसा रमणार?’ ही तक्रार मला पटत नाही. जुना मित्र हाताशी असलेलं मूल नव्या मैदानावर जास्त धीराने उतरतं. निदान आपलं कुणीतरी आहे, हे त्याला ठाऊक असतं.

मराठी मुलखात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. भाषा तीच, तरी बोली बदलते, आणि मुलांचे हाल इथे होतात. वऱ्हाडातून पुण्यात आलेला मुलगा वर्गात ‘सर, मी लिहून राहिलो’ म्हणतो आणि अख्खा वर्ग हसतो. कोल्हापूरची मुलगी सवयीने ‘मी जातो’ म्हणते आणि तिच्या मैत्रिणी महिनाभर तिची नक्कल करतात. उलट दिशेने पुण्याचा मुलगा नागपूरला गेला की त्याच्या ‘शुद्ध’ बोलण्याची टिंगल होते. मुलं हसणारच, पण कधीकधी शिक्षकही हसतात. घरी येऊन सांगितलं तर आई-बाप म्हणतात, ‘मग नीट बोलायला शीक.’ त्या क्षणी मुलाला कळतं की इथे फक्त आपलं घर बदललेलं नाही, आपली आजी ज्या पद्धतीने बोलते तीही इथे चूक आहे. काही मुलं महिन्याभरात नवी बोली उचलतात आणि घरीही तीच बोलू लागतात. पाहुणे कौतुक करतात, ‘किती पटकन पुणेरी झाला!’ काही मुलं वर्गात बोलणंच सोडतात. शिक्षकाने पहिल्या हसण्याच्या वेळी वर्गाला थांबवून चार बोलींतली तीच क्रिया फळ्यावर लिहिली तर पाच मिनिटांत प्रश्न संपू शकतो. घरात मात्र घरची बोली घरासारखीच चालू राहावी, बाहेर मूल काहीही बोलो.

रुळायला किती दिवस लागतात, हे सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं. आठ दिवस नक्कीच नाहीत. माझा अंदाज पूर्ण वर्षाचा आहे: एक पावसाळा, एक गणपती, एक दिवाळी, एक वार्षिक परीक्षा नव्या जागी झाली की मुलाला पुढे काय येणार हे ठाऊक होतं. त्यातही गंमत अशी की पहिले दोन महिने बऱ्याचदा बरे जातात, नवलाई असते. जुन्या घरची दिवाळी आठवते तेव्हा मुलगी पहिल्यांदा रडते, आणि घरचे म्हणतात, ‘आता तर सगळं छान चाललं होतं!’ झोप उडणं, पुन्हा अंथरूण ओलं होणं, पोट दुखतं म्हणून शाळा टाळणं, एरवी बोलक्या मुलाने मान खाली घालून बसणं, ही लक्षणं काही आठवड्यांनंतरही कमी होत नसतील तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. एखाद्या वेळी शाळा खरंच चुकीची निघते. तेव्हा ‘आता फी भरली’ हे मुलाला तिथे ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही.

इथवर सगळं घरावर टाकलं. ते पुरेसं नाही, कारण मुलाचा अर्धा दिवस शाळेत जातो, आणि शाळा नव्या मुलाकडे अजून एक कागद म्हणून बघतात: ‘दाखला आणला का?’ शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमात मुलाला सरकारी आणि अनुदानित शाळांत बदली मागायचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही किंवा लांबवायचाही नाही. तरीही दाखल्यासाठी चार-चार खेपा घालणारे पालक भेटतात. प्रवेश झाल्यावर तरी काय होतं? नव्या मुलाला फळ्यासमोर उभं करून ‘नाव सांग, कुठून आलास सांग’ म्हणतात. पन्नास अनोळखी चेहऱ्यांसमोर हे करणं मोठ्यांनाही अवघड जातं. त्यापेक्षा त्याला शेजारी एक जोडीदार द्यावा, मधल्या सुट्टीत पाणी कुठे, संडास कुठे, डबा कुठे खायचा हे दाखवणारा. एवढंही पहिल्या दिवशी होत नाही, म्हणून अनेक लहान मुलं नव्या शाळेत पहिले काही दिवस संडासलाच जात नाहीत.

बदलीच्या नोकरीतल्या लोकांची अडचण सरकारने पूर्वीच ओळखली होती. बापाची बदली कुठेही झाली तरी मुलाचा अभ्यासक्रम तोच राहावा, म्हणून 1963 पासून केंद्रीय विद्यालयं सुरू झाली. राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानेही सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्येच करायचं ठरवलं. शाळेचं वर्ष मध्येच तुटू नये, हा त्याचा मोठा फायदा. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. पण ज्यांची घरं सर्वांत जास्त वेळा हलतात ती मुलं या दोन्हींच्या बाहेर आहेत.

बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोड टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, संसार. ज्या मुलांना मागे आजीजवळ ठेवता येत नाही ती बरोबर जातात. शाळेच्या एका वर्षात घर दोनदा बदलतं, आणि असं दरवर्षी. ‘पोरं रुळतात’ हे वाक्य सर्वांत निर्दयपणे इथे बोललं जातं, कारण ही पोरं तक्रार करत नाहीत. 1990 च्या दशकात कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं धोरण आलं आणि साखरशाळा बहुतेक मिटल्या. गावी राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, जाणाऱ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे.

विशेष म्हणजे पुस्तकाची अडचण इथे फारशी नाहीच. बीडच्या मुलाचं आणि सांगलीच्या मुलाचं बालभारतीचं पुस्तक एकच असतं. टोळी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली तर मात्र शाळेची भाषा बदलते. अडचण अशी, की फडापासून शाळा लांब, घरी धाकट्याला सांभाळायला मोठ्या बहिणीशिवाय कुणी नाही, आणि नोव्हेंबरात आलेलं हे मूल एप्रिलमध्ये जाणारच, मग त्याचं नाव लक्षात कशाला ठेवायचं, अशी त्या शाळेची मनोवृत्ती. ते तिथे पाहुणं असतं आणि गावी परतल्यावर गैरहजर. त्याला त्याच्या नावाने ओळखणारा वर्ग दोन्हीकडे नसतो.

यावरचा उपाय इमारतीचा नाही. टोळी निघाली की गावच्या मुख्याध्यापकाने कारखान्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला फोन करून कोणती मुलं येत आहेत, कोणाला वाचता येतं, कोण गणितात चांगलं आहे, कोण चित्रं काढतं, हे सांगावं. एका गावची मुलं एकाच शाळेत, जमल्यास एकाच वर्गात बसवावीत. फडावरून ने-आण करणारं वाहन कारखान्याने द्यावं, आणि कोपींजवळ पाळणाघर चालवावं, म्हणजे मोठी बहीण सुटेल. एप्रिलमध्ये ती मुलं निघतील तेव्हा त्या शाळेने तसाच फोन उलट दिशेने करावा. दरवर्षी ती टोळी साधारण त्याच पट्ट्यात जाते. त्यामुळे पुढच्या नोव्हेंबरात ही मुलं पुन्हा आली तर त्या वर्गात त्यांची नावं आधीच हजेरीपटावर असली पाहिजेत.